नागरी बँकेच्या वार्षिक सभेत साध्या सभासदाने काय विचारावं?

वैशाली_पी

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावात (सांगली जिल्हा) एक नागरी सहकारी बँक आहे. सासरे तिचे जुने सभासद. ते गेल्यावर शेअर्स माझ्या नावावर झाले, कारण वारस म्हणून त्यांनी माझंच नाव लावून ठेवलं होतं. त्यामुळे यंदा अहवालाचं पुस्तक पहिल्यांदा माझ्या नावाने आलं आणि मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. सासूबाईंच्या ठेवी, आमच्या दोघांचं बचत खातं, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे, सगळं तिथेच आहे.

मी शाळेत गणित शिकवते, आकड्यांची भीती नाही. पण हे आकडे काय सांगतात ते मला नीट उलगडत नाही. निव्वळ एनपीए (थकलेल्या कर्जांचं प्रमाण) मागच्या वर्षी ३ टक्क्यांच्या आत होता, यंदा ७ च्या वर गेलाय. अध्यक्षांच्या मनोगतात त्याबद्दल एक ओळही नाही. विषयपत्रिकेवर आठवा विषय आहे, 'संचालक मंडळाने शिफारस केलेली कर्जे निर्लेखित करण्यास मंजुरी देणे.' कोणाची कर्जं, किती रुपयांची, काहीच दिलेलं नाही. अकरावा विषय एकरकमी कर्ज परतफेड योजनेत दिलेल्या सवलतीची नोंद घेण्याचा. तेरावा पोटनियम दुरुस्तीचा, आणि पुढे फक्त 'दुरुस्तीचा मसुदा बँकेच्या मुख्य कार्यालयात पाहावयास मिळेल'. सासऱ्यांच्या कपाटात जुने अहवाल आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर संचालकांचे बरेचसे फोटो तेच.

घरी विषय काढला तर मिस्टर म्हणतात, पैसे हळूहळू काढून घेऊ, पण सभेत उभी राहू नकोस, अध्यक्ष आपल्या भावकीतले आहेत. सभेला बायका फारशा येत नाहीत, आलेल्या बोलत नाहीत. मला विचारायचंय ते असं: साध्या सभासदाला हे विचारण्याचा हक्क आहे का? विचारलं तर उत्तर द्यावं लागतं का? आणि मुंबईच्या बँकांचं झालं तसं आमचं होण्याची ही लक्षणं आहेत का?

---

अनिल_ठाणे

ताई, आधी पैशाचं बघा. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा झाली, त्याआधी १९९३ पासून १ लाखच होती. लोक इथे एक गोष्ट विसरतात: या ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांमधली त्या व्यक्तीची खाती एकत्र मोजतात. गावातल्या शाखेत ४ आणि सांगलीच्या शाखेत ४ असतील तर ८ लाखांवर ५ च लाख. बँकेचं तुमच्याकडे कर्ज असेल तर तेही वजा होतं. शेअर्सच्या पैशाला विमा नाही.

सासूबाईंच्या ठेवी ५ च्या वर असतील तर वरचे पैसे काढा, दुसऱ्या बँकेत ठेवा. मात्र ते गावातल्या पतसंस्थेत नेऊन टाकू नका. पतसंस्थेला हा विमा लागू नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. व्याज एक टक्का जास्त मिळतं म्हणून लोक तिकडे जातात.

सभेत काही होत नाही हो. वेळ जातो आणि नाती बिघडतात.

---

निवृत्त_तपासनीस

वैशालीताई, अनिलरावांनी विम्याबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, तेवढं आधी करून घ्या. ठेव कमी करणं हा तुमचा हक्क आहे, त्यात बँकेशी बेइमानी नाही. पण सभेत काही होत नाही, हे मला मान्य नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

मी एका नागरी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागातून निवृत्त झालो. शाखांच्या तिजोऱ्या मोजायच्या, कर्जाच्या फायली उघडायच्या, गहाणखत आणि सात-बारा ताडून बघायचे हे रोजचं काम. शिवाय दरवर्षी सभेच्या आधी सभासद काय काय विचारू शकतील याचा अंदाज बांधून अध्यक्षांसाठी उत्तरांचा एक कागद तयार करायचा. तो कागद अध्यक्षांच्या हातातच राहायचा. विषय वाचला जायचा, मागच्या रांगांतून ठरलेले तीन-चार आवाज 'मंजूर, मंजूर' म्हणायचे आणि पुढचा विषय सुरू व्हायचा. ज्या वर्षी एका निवृत्त तलाठ्याने उठून दोषदुरुस्ती अहवाल (लेखापरीक्षकाने काढलेल्या चुका कशा सुधारल्या याचा) मागितला, त्या वर्षी पुढचे सहा महिने आमच्या विभागाला मनुष्यबळ मिळालं, रखडलेल्या तपासण्या झाल्या. हे मी आतून पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगतोय.

आधी तुमचा आकडा. एकूण एनपीएतून तरतूद वजा केल्यावर जे उरतं ते निव्वळ एनपीए, म्हणजे ज्या थकलेल्या कर्जासाठी बँकेने अजून पैसे बाजूला काढलेले नाहीत ते. नागरी बँक सक्षम आणि सुव्यवस्थित म्हणायची असेल तर निव्वळ एनपीए ३ टक्क्यांच्या आत हवा, असा निकष रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातला. आणि १ एप्रिल २०२५ पासून, १०० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकांसाठी तातडीच्या सुधारणेची चौकट लागू झाली आहे. तिथे निव्वळ एनपीए ६ टक्क्यांच्या वर गेला की पहिला धोक्याचा टप्पा सुरू होतो. तुमची बँक १०० कोटींच्या वरची असेल तर तुमचा पहिला प्रश्न तयार आहे: रिझर्व्ह बँकेने ही कारवाई सुरू केली आहे का, आणि केली असेल तर कोणत्या अटी घातल्या आहेत? याचं उत्तर हो किंवा नाही असंच येऊ शकतं.

पण मला त्या ७ पेक्षा एका वर्षात झालेली उडी जास्त खटकते. ३ च्या आतून एकदम ७ च्या वर. दुष्काळ, द्राक्षबागांचं नुकसान, एखादा कारखाना बंद पडणं, अशा कारणांनी एका वर्षात एवढी कर्जं थकू शकतात. सांगली जिल्ह्यात ते अशक्य नाही. दुसरी शक्यता अशी की कर्जं आधीच आजारी होती, दरवर्षी मार्चअखेरीस नवं-जुनं करून, म्हणजे नवं कर्ज देऊन त्यातून जुनं फेडल्याचं दाखवून, ती चालू दाखवली जात होती, आणि यंदा लेखापरीक्षकाने ते चालू दिलं नाही. दोन्हींत फरक कसा कळेल? वर्षभरात नव्याने एनपीए झालेल्या खात्यांपैकी किती खात्यांना त्याआधीच्या दोन वर्षांत नवं किंवा वाढीव कर्ज दिलं होतं, एवढं विचारा. नावं मागू नका. ग्राहकाच्या गोपनीयतेचं कारण सांगून ती नाकारतील, आणि त्यात तथ्यही आहे. संख्या आणि एकूण रक्कम मागा. ती नाकारायला कारण नाही.

आठव्या विषयाचंही तसंच. निर्लेखित करणं म्हणजे कर्ज माफ करणं नव्हे. ताळेबंदातून काढायचं, वसुली चालू ठेवायची, असं ते असतं. ते कायदेशीर आहे आणि कधीकधी आवश्यकही आहे. पण रक्कम न सांगता मंजुरी मागणं चूक आहे. किती खाती, किती रक्कम, प्रत्येकावर वसुलीचा दाखला मिळाला आहे का, तारण विकलं आहे का, आणि आधी निर्लेखित केलेल्या कर्जांतून यंदा किती वसूल झालं, हे विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. माझ्या अनुभवात त्या रकान्यात शून्य असतं तेव्हा निर्लेखनाचा अर्थ कर्जमाफी असाच झालेला असतो.

अकराव्या विषयाला जोडून एक नियम लक्षात ठेवा. तडजोडीच्या कर्जफेडीबद्दल रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये सगळ्या बँकांसाठी चौकट काढली, सहकारी बँकाही तीत येतात. शेतीकर्ज सोडलं तर ज्याच्याशी तडजोड झाली त्याला किमान १२ महिने नवं कर्ज देता येत नाही. आणि ज्या पातळीवर कर्ज मंजूर झालं, तिच्या वरच्या पातळीवर तडजोड मंजूर व्हावी लागते. तेव्हा सवलत मिळालेल्या कर्जदारांना किंवा त्यांच्या घरच्यांना नंतर नवं कर्ज दिलं का, हा प्रश्न सरळ विचारता येतो.

आता पत्रिकेवर 'संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडील कर्जाची नोंद घेणे' असा एक विषय असेलच, तुम्ही लिहिला नाहीत. संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या संस्था यांना नागरी बँकेने कर्ज देऊ नये, ही बंदी रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच घातली. स्वतःच्या मुदत ठेवीवर किंवा आयुर्विम्याच्या पॉलिसीवर घेतलेलं कर्ज, असे मोजकेच अपवाद. त्या तक्त्यात यापेक्षा वेगळं काही दिसलं तर तिथे बोट ठेवा.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो मी एकाही सभेत ऐकला नाही: बँकेच्या एकूण कर्जापैकी सर्वांत मोठ्या २० कर्जदारांकडे किती टक्के आहे? मार्च २०२० पासून एका कर्जदाराला बँकेच्या पहिल्या स्तराच्या भांडवलाच्या (मुख्यतः भागभांडवल आणि राखीव निधी) १५ टक्क्यांपर्यंत आणि एका समूहाला २५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. हा नियम आला त्याच्या मागे पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचं प्रकरण आहे. तिथे सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाला गेलं होतं आणि ते झाकायला २१ हजारांहून जास्त बनावट कर्जखाती तयार केली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा पहिले काही दिवस ठेवीदाराला १,००० रुपये काढता येत होते. बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली, आणि ५ लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत परत देण्याची योजना आली. ज्यांनी फ्लॅट विकून आलेले पैसे तिथे ठेवले होते त्या म्हाताऱ्या माणसांना दहा वर्षं थांबा म्हणणं किती क्रूर आहे, ते लिहूनही माझा राग कमी होत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या बँकेच्या मार्च २०१९ च्या अहवालात निव्वळ एनपीए जेमतेम २ टक्के दाखवला होता, मग अहवाल वाचून काय उपयोग? खरं आहे. अहवालच बनावट असेल तर सभासद एकटा काही करू शकत नाही. ती लेखापरीक्षकाची आणि रिझर्व्ह बँकेची जबाबदारी होती आणि दोघांकडूनही ती निभावली गेली नाही. पण प्रत्येक घोटाळा एवढा खोल झाकलेला नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं उघड झालं, प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतून. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत नोटा मोजायला घेतल्या तेव्हा ते कळलं. 'हातातील रोख' ही ताळेबंदाची अगदी वरची ओळ असते. ठेवींच्या मानाने ती ओळ एवढी जाड का, एवढी रोकड दोन शाखांत कशाला लागते, हा प्रश्न साधा सभासदसुद्धा विचारू शकला असता. तिजोरी मोजणाऱ्या माणसाला तर तो पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. ती बँक ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली, ठेवीदारांचे पैसे वाचले. पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांचं नशीब तसं नव्हतं. १९१२ सालची बँक, फेब्रुवारी २०१३ पासून निर्बंध, आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं लोक ताटकळले. आता २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळण्याची सोय आहे. २०१३ मध्ये तीही नव्हती.

तुमच्या बँकेचं तसं होईल असं मी म्हणत नाही. एका आकड्यावरून ते कोणीच म्हणू नये. मी एवढंच म्हणतो की आत्ता, म्हणजे बँक चालू आहे, अध्यक्ष भावकीतले आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात, तेव्हाच विचारण्याची वेळ असते. प्रशासक आल्यावर सभासदाला कोणी विचारत नाही.

भावकीचं म्हणाल तर प्रश्न आधी लेखी द्या. सभेच्या आठ दिवस आधी मुख्य कार्यालयात नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. 'अहवाल वाचताना पुढील बाबी समजल्या नाहीत, त्यांचा खुलासा सभेत व्हावा' एवढीच भाषा ठेवा. अध्यक्षांना तयारीला वेळ मिळतो, चारचौघांत अडवलं असं होत नाही, आणि उत्तर टाळलं तर ते कागदावर राहतं.

---

संचालक_विदर्भ

मी एका छोट्या नागरी बँकेवर दुसऱ्यांदा संचालक आहे. तपासनीस साहेबांनी लिहिलेलं चुकीचं नाही, पण हा धागा वाचणाऱ्याला वाटेल की संचालक म्हणजे लपवणाराच. आमची बाजूही ऐका.

देशात साधारण साडेचौदाशे नागरी बँका आहेत, त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आपल्या राज्यात. भाजीवाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला, हातगाडीवाल्याला मोठी बँक दारात उभं करत नाही, आम्ही करतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर आमच्या मंडळावर किमान ५१ टक्के लोक हिशेब, बँकिंग, कायदा, सहकार, शेती अशा विषयांतले जाणकार हवेत. तत्त्व उत्तम. पण आमच्या गावात दोन सीए. एक आमचे लेखापरीक्षक, दुसरे आमचे कर्जदार. आणायचा कुठून? त्यात १०० कोटींवर ठेवी गेल्या की संचालक मंडळाशिवाय वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायचं, किमान पाच जणांचं. संचालकांना कर्जबंदी आहे ती योग्यच आहे, पण तिचा परिणाम असा की धंदा करणारा, बाजार कळणारा माणूस मंडळावर यायला तयार होत नाही. मग राहतात निवृत्त माणसं आणि राजकारणी.

मुदतीचंही तसंच. आधी सलग आठ वर्षं, आता १ ऑगस्ट २०२५ पासून दहा. म्हणजे पाच-पाच वर्षांच्या दोन टर्म पूर्ण होतात, हा बदल बरा झाला. पण ज्यांनी बँक उभी केली ते एकदम सगळे बाहेर गेले तर नवे लोक शिकणार कोणाकडून?

आणि एनपीए वाढला म्हणजे चोरीच झाली असं नसतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला घ्यायचा, मग जप्ती, मग लिलाव, आणि लिलावात गावातला एकही माणूस बोली लावत नाही कारण घर शेजाऱ्याचं असतं. मे २०२० मध्ये मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा) सहकारी बँकांनाही लागू असल्याचं सांगितलं तेव्हा आम्हाला मोठा आधार मिळाला. तरी बोली लावणारा माणूस कायद्याने आणता येत नाही.

वैशालीताई, प्रश्न जरूर विचारा. फक्त उत्तर ऐकायची तयारीही ठेवा.

---

निवृत्त_तपासनीस

संचालक साहेब, लिलावाचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे एका दुकानगाळ्याचा लिलाव चार वेळा पुकारला, बोली आली नाही. जाणकार मिळत नाहीत हीही खरी अडचण आहे, आणि मुंबई-दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांना ती नीट दिसत नाही. शेजारच्या तालुक्यातला निवृत्त बँक अधिकारी, कृषी महाविद्यालयातला प्राध्यापक, जिल्हा न्यायालयातला वकील अशी माणसं मात्र मिळतात. त्यांना बोलवायचं का, हा इच्छेचा प्रश्न असतो.

मुदतीबद्दल माझं मत तुमच्या उलट आहे. ज्यांनी बँक उभी केली त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण वाईट कर्ज ज्याने मंजूर केलं त्यालाच ते वाईट आहे असं जाहीर करावं लागतं तेव्हा तो ते पुढे ढकलतो. माणूस प्रामाणिक असला तरी ढकलतो. मी अशा सह्या पाहिल्यात. नवा माणूस आला की जुनी फाईल उघडते, आणि बँकेला तेच हवं असतं. शिकवायचंच असेल तर जुन्यांनी सल्लागार म्हणून बसावं, मत न देता.

मंडळावर एकदम सगळे बदलू नयेत, हे तुमचं म्हणणं मान्य. त्यासाठी दर निवडणुकीत चार-पाच नवी माणसं उभी राहू द्यायला हवीत.

---

अ‍ॅड_एस_के

हक्काबद्दल थोडक्यात. तुमची बँक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असेल (नावात मल्टिस्टेट नसेल) असं धरून लिहितो.

कलम ३२ प्रमाणे सभासदाला कार्यालयाच्या वेळेत, फी न देता, पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचं आणि समितीच्या सभांचं इतिवृत्त, तसंच स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहता येतात. फी भरून प्रतीही मिळतात. अर्ज लेखी करा, कलमाचा उल्लेख करा.

मत एकच, शेअर्स कितीही असोत. ते स्वतः हजर राहून द्यायचं. दुसऱ्याला पाठवता येत नाही. एक पंचमांश सभासदांनी, किंवा पोटनियमांत याहून कमी संख्या दिली असेल तर तेवढ्यांनी, लेखी मागणी केली तर महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. गैरव्यवहाराचा संशय असेल तर कलम ८३ ची चौकशी आणि त्यातून नुकसान निघालं तर कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करणं, हे पुढचे मार्ग. आत्ता तिथवर जायची गरज दिसत नाही.

तेराव्या विषयाचा मसुदा आधी पाहून या. सगळ्यांत जास्त गोष्टी पोटनियम दुरुस्तीत शिरतात आणि सगळ्यांत कमी लोक ती वाचतात.

---

वैशाली_पी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळा सुटल्यावर मुख्य कार्यालयात गेले. अर्ज दिला, तिथल्या मॅडमनी अर्धा तास थांबवलं पण मसुदा दाखवला. हाताने उतरवून घेतला.

दुरुस्ती अशी आहे: संचालकपदासाठी उभं राहायचं असेल तर उमेदवाराची बँकेत किमान ५० हजारांची ठेव लागते, ती ५ लाख करायची, आणि ती सलग तीन वर्षं असायला हवी. कारण लिहिलंय, 'बँकेशी बांधिलकी असलेले उमेदवार यावेत'. पुढच्या वर्षी निवडणूक आहे. म्हणजे आज ज्याच्याकडे तीन वर्षं जुनी ५ लाखांची ठेव नाही, तो पुढच्या वर्षी उभाच राहू शकत नाही. आमच्या शाळेतल्या कोणाकडेही ती नसेल. मला वाटत होतं की एनपीए हा मोठा विषय आहे. आता मला हाच मोठा वाटतोय.

पत्र लिहिलंय, सहा प्रश्नांचं. सासूबाईंच्या ठेवीचं अनिलजी म्हणाले तसं करतोय. शाळेतल्या चार जणी सभासद आहेत, त्या सभेला येणार म्हणाल्या. सासूबाईही येते म्हणाल्या, त्यांच्याही नावावर जुने शेअर्स आहेत. मिस्टर अजून नाराज आहेत, पण पत्राचा मसुदा त्यांनी वाचला आणि दोन ठिकाणी भाषा सौम्य केली.

पोटनियम दुरुस्ती सभेत थांबवता येते का?

---

निवृत्त_तपासनीस

येते. पोटनियम दुरुस्तीला साधं बहुमत पुरत नाही, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. आणि सभेने मंजूर केली तरी निबंधकाने नोंदवल्याशिवाय ती लागू होत नाही. म्हणजे तुमच्याकडे दोन दारं आहेत, एक सभेतलं आणि एक निबंधकाच्या कार्यालयातलं.

सभेत 'मंजूर, मंजूर' सुरू झालं की लगेच उभ्या राहा आणि एकच वाक्य म्हणा: या विषयावर हात वर करून मोजणी व्हावी आणि बाजूने किती, विरोधात किती हे इतिवृत्तात लिहावं. आवाजावरून दोन तृतीयांश ठरत नाहीत. तुम्ही सहा जणी असाल तर वेगवेगळ्या रांगांत बसा, म्हणजे मागणी एकाच कोपऱ्यातून आली असं कोणी म्हणणार नाही. हरलात तर विरोध नावासह नोंदवायला सांगा, आणि त्याच आठवड्यात निबंधकांकडे लेखी हरकत द्या. त्यात मुख्य मुद्दा हाच ठेवा की निवडणुकीच्या तोंडावर तीन वर्षांची मागची अट घातली तर आजचा जवळपास कोणताही सामान्य सभासद तिच्यात बसत नाही. सासूबाईंची सही पहिली घ्या, त्या सगळ्यांत जुन्या सभासद आहेत.

नोटीस पुन्हा एकदा वाचा. तिच्या शेवटी बहुतेक असं छापलेलं असेल की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली तर ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल. बऱ्याच बँकांत खरी सभा ती दुसरीच असते, आणि पहिल्या वेळेला आलेली माणसं चहा घेऊन परत गेलेली असतात. तेव्हा जागेवरून हलू नका. तेरावा विषय शेवटी शेवटी आहे, तोपर्यंत जेवणाचा वास यायला लागतो आणि हॉल निम्मा रिकामा होतो. शाळेतल्या मैत्रिणींना तेही आधीच सांगून ठेवा.